मोरसाळीची दाढ

हौसाबाई लग्न होऊन पूर्ण्याला आली त्याला बेचाळीस वर्षं झाली. देह खाली आला, पंचांग मात्र वरच राहिलं.

खाली म्हणजे हे भिवंडीजवळचं पूर्णा. वर म्हणजे तिचं माहेर, हिरडदरा. मुरबाडाच्या पुढं टोकावड्यापाशी आत वळायचं, गाडीरस्ता संपला की दीड तास चढायचं. छातीत धाप मावेनाशी झाली की एकदम ती जागा समोर येते. तीन बाजूंना कातळाच्या भिंती आणि मधे देवानं ओंजळ धरावी तशी सपाटी. कधीकाळी तिथं अकरा घरं होती. आता दोनच घरांतनं धूर निघायचा. एक तिच्या भावाचं, केसरीनाथाचं. दुसरं बायजाबाईचं.

पूर्ण्यात घरापुढं गोदाम, घरामागं गोदाम. मारुतीच्या देवळाच्या कळसाहून पत्रे उंच. इथं ऋतू ओळखायचा तो कंटेनरच्या चाकांवरनं. चिखल उडाला की पावसाळा, धूळ उडाली की हिवाळा, आणि पत्र्यांची झळ ओट्यावर बसू देईना की उन्हाळा. हौसाबाईला हे ऋतू कधी मानवलेच नाहीत. सकाळचा चहा घेऊन ती ओट्यावर बसायची आणि गोदामाच्या भिंतीकडं बघत म्हणायची, "वर आता कवळ तोडाया लागलं असतील." नाहीतर म्हणायची, "करवंदं काळी झाली असतील बग. बायजा टोपली घेऊन निंगाली असंल."

सून मृणाली कल्याणची, शहरात वाढलेली, बोलायला गोड आणि खोडकर. ती आतून ओरडायची, "आई, हवामान खातं आज काय म्हणतंय?"

"थट्टा कर. पण वर खरंच करवंदं काळी झाली असतील."

नवरा भाऊ. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. गाव त्याला भाऊच म्हणे. भातशेती होती तोवर शेतकरी, नंतर निव्वळ टाळकरी. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, बुवांच्या मागं डावीकडून दुसरा उभा असायचा तो भाऊ. चाळीस वर्षं बुवांच्या पाठीमागं उभं राहिल्यानं त्यांची सगळी निरूपणं त्याला तोंडपाठ होती, फक्त सांगायला समोर माणसं नव्हती. म्हणून तो ती घरातल्यांना सांगे. मुलगा कुमार दापोड्याच्या गोदामात सुपरवायझर. तो ड्युटीवरून येऊन जेवायला बसला की भाऊ निरूपण काढायचा आणि कुमार मोबाईल काढायचा.

तर वैशाखात गावात हरिनाम सप्ताह बसला. आता सप्ताह म्हटल्यावर हौसाबाई घरात कशी सापडणार? पहिल्या रांगेत, खांबाला टेकून, पदर डोळ्याला. त्या दिवशी बुवांनी असा काही गजर धरला होता की देवळातली माणसं जागच्या जागी डुलत होती, आणि घराघरांतल्या भांड्यांना लाऊडस्पीकरनं कंप सुटला होता. नेमका तेव्हाच घरी ठेवलेला हौसाबाईचा फोन वाजला. मृणालीनं उचलला. वरून मामा बोलत होते. हिरडदऱ्यात रेंज एका कड्याच्या टोकालाच मिळते, तिथं उभं राहून म्हातारा वाऱ्यात ओरडत होता.

"हौसा हाय का? तिला सांग, दाढ ऱ्हायलीय. यकट्याला व्हत न्हाय आता."

इकडं पखवाज, तिकडं वारा. मृणालीनं एका कानात बोट घालून विचारलं, "मामा, फार दुखतंय का?"

केसरीनाथ माघात झाडावरून पडला होता, तेव्हापासून कंबर धरलेली. त्याला वाटलं, पोर कंबरेचं विचारतेय.

"लय दुखतंय! वाकता येत न्हाय बग."

दाढदुखीत वाकता येत नाही हे मृणालीला जरा नवल वाटलं. पण म्हातारं माणूस, कळ डोक्यात जात असेल. हौसाबाई घरी आल्यावर तिनं सांगितलं, "मामांची दाढ लय दुखतेय म्हणे. एकट्याला सहन होत नाही."

"त्याला दाढ ऱ्हायलीय हेच मला म्हाईत नव्हतं," हौसाबाई म्हणाली. आणि तिनं सख्ख्या बहिणीनं करावं ते सगळं केलं. लवंगांची पुडी बांधली, तुरटीचा खडा ठेवला, कुमारनं दुखणं थांबायच्या गोळ्या आणल्या. टोकावड्याचा भाजीवाला जीप घेऊन कोनाच्या नाक्यावर यायचा, त्याच्याकडं पिशवी दिली. कुमारनं कल्याणला दातांच्या डॉक्टरचा नंबरही लावून ठेवला.

सप्ताह संपला, काल्याची दहीहंडी फुटली, मांडवाचे बांबू गेले. बारा दिवसांनी पुन्हा फोन आला. या खेपेला हौसाबाईनंच उचलला.

"लवंगा पोचल्या," केसरीनाथ म्हणाला. "च्यात टाकल्या. चांगल्या व्हत्या. पण तू कवा येतंस? दाढ तशीच हाय."

"आरं मंग डॉक्टरकडं ये ना खाली. कंच्या बाजूची हाय?"

"कंच्या म्हंजे? देवळाच्या वरच्या अंगाची. दुसरी कंची ऱ्हायलीय आपली?"

हौसाबाईनं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

दाढ म्हणजे भाताचं रोप करायची जागा! वरच्या शेतकऱ्याचा जीव त्या चार हात जमिनीत असतो. माघात झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, ते कवळ. चैत्र-वैशाखात दाढेवर शेण, कवळ, गवत आणि वर माती असे थर द्यायचे आणि पाऊस लागायच्या आत ते भाजून काढायचं. भाजलेल्या राखेत बी टाकायचं. दाढ भाजली नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. हिरडदऱ्यात जन्मलेल्या बाईला "दाढ राहिली" म्हटल्यावर जे एका क्षणात कळायला हवं होतं, ते सुनेच्या तोंडून 'दुखणं' होऊन आलं आणि लवंगा होऊन परत गेलं.

"आन मोरसाळ?" तिनं विचारलं.

केसरीनाथ म्हणाला, "बी तीन पावसाळ्याचं झालंय. गेल्या साली डुकरांनी दाढ उकरली, त्याच्या आदल्या साली मी तापानं पडून व्हतो. औंदा न्हाय टाकलं तं बी मेलं. न्हाय जमलं तं ऱ्हाऊ दे हौसा. मी कुलूप लावतो. ठाण्याला देवेशकडं जातो. पोरगा बोलावतोच हाय."

मोरसाळ म्हणजे त्या दऱ्याचं भात. ओंबीला काळी निळसर कुसळं, मोराच्या मानेसारखी. दुसरीकडं लावलं की नुसतं पान वाढतं. हौसाबाईच्या आईनं ते केलं, आईच्या सासूनं केलं. आणि बी नुसतं कणगीत ठेवून जगत नाही, त्याला मातीत घालावं लागतं.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मी जाते."

"आमी न्हाय का?" भाऊ म्हणाला आणि खुंटीवरचे टाळ काढून पिशवीत टाकले.

"टाळ कशाला? दाढ भाजायचीय."

"हात रिकामे असतील तवा लागतील."

मृणाली दारात उभी होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मीही येणार."

कुमारनं पाच दिवसांची सुट्टी टाकली.

*

वर पोचले तेव्हा केसरीनाथ अंगणात काठी टेकून उभा होता. पूर्वीचा सहा फुटी गडी कंबरेत असा मोडला होता की त्याची नजर समोरच्या माणसाच्या पोटावर पडे. मृणाली पाया पडली तेव्हा तिच्या तोंडाकडं बघायला त्याला मान तिरकी करावी लागली.

"ही व्हय दाढवाली सून?"

मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. "मामा, लवंगा संपल्या असतील तर अजून आणल्यात."

"आन, च्यात टाकू."

वेळ नव्हता. दुपारनंतर मागच्या कातळावर ढग येऊन बसायचे, चांगले काळे, पाणी पिऊन आलेले. केसरीनाथ नाक वर करून वास घ्यायचा. "चार दिस. पाच म्हना."

कवळाचे भारे उतारावर ऐनाच्या झाडाखाली तसेच पडले होते. ते तोडता तोडताच तो पडला होता. तिथून दाढेपर्यंत उतरण अशी की शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते. हौसाबाईनं पदर खोचला, चुंबळ केली आणि पहिला भारा डोक्यावर घेतला. बेचाळीस वर्षांनी मानेला ते ओझं कळलं आणि आश्चर्य म्हणजे मान विसरली नव्हती. गुडघे विसरले होते. ते पावलागणिक कुरकुरत होते. पण वाळलेल्या ऐनाच्या पानांचा वास नाकात गेला आणि तिला आईची पाठ दिसली. पुढं चाललेली आई, डोक्यावर भारा, भाऱ्याखालून दिसणाऱ्या काळ्याभोर टाचा. आई मागं न बघता सांगायची, "दगुड डुगडुगतोय गं तिथं." हौसाबाईनं तिथं पाय जपून टाकला. दगड खरंच डुगडुगला.

कुमारची मात्र फजिती झाली. ज्याच्या एका इशाऱ्यावर फोर्कलिफ्ट कोपऱ्यातनं फिरते, त्यानं भारा डोक्यावर घेतला तो पुढं झुकला, सावरायला गेला तर मागं झुकला आणि बसकण मारून दहा हात घसरत गेला. पँट मागून फाटली. नेमकी त्याच वेळी सत्तरीची बायजाबाई डोक्यावर त्याच्या दुप्पट भारा घेऊन वरून आली.

"बाजूला व्हय बाबा. सायबानं वाटंत बसू न्हाय."

"मावशी, सवय नाही ना."

"सवं कशाची? भारा डोक्यावर घ्याचा असतो. तू त्याच्याशी झोंबी खेळतंस."

दुसऱ्या दिवशी तो शिकला, पण मान वळेना. जेवताना भाकरी तोंडाशी न्यायच्या ऐवजी तोंड भाकरीशी नेत होता. मृणालीच्या हातांना फोड आले. दाढेवर शेण पसरायचं काम हौसाबाईनं तिला दिलं होतं, आणि ती पहिल्यांदा बोटांच्या टोकांनी करायला गेली तेव्हा बायजाबाई म्हणाली, "पोरी, रांगुळी काढाची न्हाय." मग तिनं बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात घातले.

शेणावर कवळ, कवळावर गवत, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, आणि सगळ्यांत वर भुसभुशीत माती. माती आणायचं भाऊकडं होतं. तो घमेलं डोक्यावर घेऊन येई, ओती आणि कंबर सरळ करायला म्हणून उभा राही. उभा राहिला की निरूपण सुरू.

"बगा, देव मानसाला आदी शेणात घालतो. मंग काटंकुटं टाकतो. वरून माती. मानूस म्हणतो, देवा, गाडतोस का मला? आन देव म्हणतो, बाळा, तुझी दाढ..."

"भावजी," केसरीनाथ काठीवरून म्हणाला, "कीर्तन संपलं असंल तं अजून बारा घमेली लागतील."

"मी काय खोटं बोलतो का?"

"खोटं न्हाय. पण माती बी खरी पायजे."

हौसाबाई तोंडाला पदर लावून हसली. बेचाळीस वर्षांत नवऱ्याला कुणी असं मधेच तोडलेलं तिनं पाहिलं नव्हतं, आणि भाऊलाही त्याचा राग आला नाही. उलट पुढचं घमेलं त्यानं पळत आणलं.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दाढ पेटवली. वारा निजलेला असतो तोवरच ते करायचं. केसरीनाथानं काठी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि वाऱ्याच्या उलट्या टोकाला काडी लावली. दाढेवर रचलेला हा राब धडधडा पेटून चालत नाही. ज्वाळा उठली की वरचं जळतं आणि माती कच्ची राहते. तो आतल्या आत धुमसायला हवा, म्हातारं माणूस मनातल्या मनात बोलतं तसा. तासभर सगळं नीट चाललं. मग सूर्य कड्यावर आला, आणि त्याच्या मागोमाग दऱ्याच्या तोंडातून वाऱ्याची झुळूक शिरली. एका कडेची माती पातळ पडली होती, तिथून भस्सकन जाळ उठला आणि गवताचा थर धरून आत पळायला लागला.

"माती! माती घाला!" केसरीनाथ ओरडला आणि कंबर विसरून पुढं झेपावला तो गुडघ्यावरच पडला.

हौसाबाई जवळ होती. घमेलं हाताशी नव्हतं. तिनं बांधावरची माती ओंजळीनं उपसली आणि जाळावर फेकली, पुन्हा उपसली, पुन्हा फेकली. मृणाली आली, तिनं ओढणी सोडून तीत माती भरली. कुमार आणि भाऊ घमेली घेऊन धावले. धुरानं कुणाला कुणी दिसेना, नुसते खोकले ऐकू येत होते आणि मधेच भाऊचं "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी." घटकाभरानं जाळ बसला. धूर पुन्हा निळा आणि संथ झाला. हौसाबाईच्या उजव्या हाताची लव जळून गेली होती, भुवया काळवंडल्या होत्या. ती बांधावर बसली आणि केसरीनाथाला उठवायला गेली तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. जरा बसू दे हितंच." मग दोघं भाऊबहीण मातीत बसून धुराकडं बघत राहिली. लहानपणी अशाच धुरात त्यांनी कंद भाजून खाल्ले होते. तोंडं काळी करून घरी गेल्यावर आईनं दोघांनाही एकाच फडक्यानं पुसलं होतं, आधी त्याला आणि मग त्याच घाण फडक्यानं हिला. हौसाबाईनं त्यावरून तेव्हा दिवसभर तोंड फुगवलं होतं.

"तुझा राग गेला का गं?" केसरीनाथानं विचारलं. काहीही न सांगता त्यालाही तेच आठवलं होतं.

"अजून थोडा हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राख कोमट असताना बी टाकलं. कणगीतून काढलेले दाणे हौसाबाईनं उजेडात धरले. कुसळांचा निळा रंग उडून ती राखाडी झाली होती. तिनं एक दाणा दाताखाली धरला. कट् असा आवाज आला. "जित्ता वाटतो," ती म्हणाली.

कुमार आणि मृणाली खाली गेले. भाऊ पिशवी घेऊन निघाला, पण हौसाबाई उंबऱ्यातून हललीच नाही.

"काय गं?"

"उगवतंय का ते बगते आन येते."

भाऊनं तिच्याकडं बघितलं. भाजलेल्या भुवयांची, धुराच्या वासाची ती बाई त्याला बेचाळीस वर्षांपूर्वी ह्याच उंबऱ्यात दिसली होती तशी दिसली असावी, कारण त्यानं निरूपण न करता नुसतं "बरं" म्हटलं.

*

पाऊस लागला. सातव्या दिवसापासून हौसाबाई रोज सकाळी डोक्यावर इरलं घेऊन दाढेवर जायची आणि उकिडवी बसायची. नववा दिवस गेला, दहावा गेला. अकराव्या दिवशी काळ्या राखेत सुईच्या टोकाएवढं हिरवं दिसलं. चारपाच दिवसांनी मात्र खरं काय ते कळलं. गालिच्यासारखं दाट उगवायचं तिथं ठिगळं उगवली होती. दाढेचा पाऊण भाग काळाच राहिला.

केसरीनाथ येऊन बघून गेला. घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून निजला.

"एक खाचर भरंल," हौसाबाई म्हणाली.

"एका खाचराला काय करशील?"

"लावीन."

आणि तिनं लावलं. बायजाबाई आणि ती, दोघीच. आषाढात ढग खाली उतरले ते उतरलेच. हिरडदऱ्यात पाऊस वरून पडत नाही, तो दारातून आत येतो आणि चुलीपाशी बसतो. धुईत समोरची बाई दिसत नाही, तिच्या पायांचा चिखलातला आवाज तेवढा येतो. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्या धुईत बायजाबाईनं आवणीचं, रोपं लावतानाचं गाणं धरलं आणि हौसाबाईनं न बघता पुढची ओळ उचलली. पूर्वी अकरा घरांच्या बाया एका खाचरात उतरायच्या तेव्हा हे गाणं ह्या कड्यावरून त्या कड्यावर जाऊन परत यायचं. आता दोघींचं गाणं बांधापर्यंत जाई. पण गायला लागल्यावर हौसाबाईला त्या सगळ्या धुईच्या पलीकडंच वाकलेल्या आहेत असं वाटायचं. दिसत नव्हत्या इतकंच.

केसरीनाथ तिसऱ्या दिवशी उठून बांधावर आला. "वळ वाकडी चाललीय," तो म्हणाला.

"मंग ये आन सरळ कर."

वाकता येत नव्हतं म्हणून तो चिखलात बसला आणि बसूनच लावायला लागला.

श्रावणात ढगांना खिंडारं पडली. ऊन एका कड्यावर उतरायचं आणि पळत दुसऱ्यावर जायचं. भादव्यात कातळाच्या पायथ्याला तेरडा फुलला, मग सोनकी, आणि सगळा दरा हळद लागल्यासारखा पिवळा झाला. पावसाळ्यात गर्जणारे ओढे बोलायला लागले आणि आश्विनात तर कुजबुजायला. सकाळी गवतावर दव असं पडायचं की पायवाट पांढरी दिसायची. डुकरं येऊ नयेत म्हणून दिवेलागणीच्या आधी दोघं भाऊबहीण खाचराभोवती डबे बडवत फिरायची. आणि एका सकाळी दव उडत असताना हौसाबाईला ओंब्यांवर तो रंग दिसला. काळा, त्यात निळा, त्यात जरासा हिरवा. ती तिथंच उभी राहिली. चार महिने घर सोडून राहिलेली बाई, कुणी हाक मारली असती तर "ओ आई" म्हणाली असती.

दसऱ्यानंतर कापणीला भाऊ, कुमार आणि मृणाली आली. कापणी ती केवढी! सकाळी सुरू केली आणि न्याहारीला संपली. दगडावर झोडून, सुपानं वारवून भात भरलं तर दोन सुपं. केसरीनाथानं त्यातलं एकेक पोचट निवडून काढलं.

"सगळं बी," तो म्हणाला. "दाणा शिजणार न्हाय."

"आन देवाला?" हौसाबाईनं विचारलं. घराची रीत अशी की नव्या भाताचा नैवेद्य झाल्याशिवाय ते कणगीत जात नाही.

"देवाला जुनं दे."

"नव्याचा निवद जुन्याचा व्हतो का?"

"मग बी कमी करतंस? एकेक दाणा म्हंजे एकेक रोप हाय हौसा! तू खालची झालीस, तुला न्हाय कळाचं."

हौसाबाईचा चेहरा एकदम उतरला. चार महिने चिखलात कुजलेले तिचे पाय सगळ्यांच्या समोर होते. मृणालीनं सासूचा हात धरला.

भाऊ घसा खाकरून पुढं झाला. केसरीनाथानं कपाळाला हात लावला, आता निरूपण येणार म्हणून. पण भाऊनं एवढंच म्हटलं, "देवाला पोट कुठं असतं केसरीनाथा? वास घेतो तो फकस्त. चिमटीभर घ्या."

केसरीनाथानं स्वतःच तीन बोटांत मावेल तेवढं भात उचललं, बहिणीकडं न बघता तिच्या ओंजळीत टाकलं, आणि हात मागं घेता घेता थांबून अजून एक चिमूट टाकली.

एवढ्याशा भाताला उखळ कसलं? मृणालीनं आणि हौसाबाईनं दारात बसून नखांनी एकेक दाणा सोलला. अत्तराची कुपी उघडावी तसा सोलतानाच वास यायला लागला. सगळ्यांत लहान बोगण्यात भात रटरटला तेव्हा तो वास चुलीतून माजघरात, माजघरातून अंगणात गेला आणि बायजाबाई आपल्या घरातून ओरडली, "आलं गं बाय, आलं!" भाऊनं टाळ काढले. केसरीनाथानं दिव्यापुढं पान ठेवलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले.

मग प्रसाद. प्रत्येकाच्या तळहातावर सातआठ शितं पडली. हौसाबाईनं ती जिभेवर ठेवली आणि चावलीच नाहीत, विरघळू दिली. कुमारनं मान खाली घालून खाल्ली. मृणालीनं आपली संपवली, बोट चाटलं आणि रिकाम्या बोगण्यात डोकावली.

"मामा, वास एवढा आणि भात एवढासा?"

"औंदा वासावर भागव पोरी," केसरीनाथ तळहात पुसत म्हणाला. "पुढल्या साली ताट भरून वाढतो."

घराला कुलूप लावून ठाण्याला जायची भाषा करणारा तो हे बोलून गेला आणि मग त्यानं ते स्वतःच ऐकलं. दारापाशी बसलेली बायजाबाई त्याच्याकडं बघायला लागली. भाऊचे टाळ हातातच राहिले. केसरीनाथानं मान तिरकी करून एकेकाकडं बघितलं, जणू हे दुसरंच कुणी बोललं होतं. मग तो सावकाश उठला, भिंतीला धरत सुपापाशी गेला आणि भात कणगीत ओतू लागला. हौसाबाई चुलीकडं वळली. लाकूड जळून गेलं होतं, तरी ते आत सारत बसली.